डोंगराची सायकल, शहराचा रस्ता : टायर कोणते निवडावे?

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. कारखान्याच्या भोंग्याबरोबर रस्त्यावर उतरणारे कामगारांचे सायकलींचे ताफे मोपेड आणि स्कूटरच्या लाटेत विरून गेले. अलीकडच्या काळात कोथरूड, औंध किंवा हडपसरहून कचेरीला निघणारा जो नवा सायकलस्वार दिसू लागला आहे, त्याच्या हाती मात्र वडिलांची काळी, उभ्या दांड्याची सायकल नाही. त्याने घेतलेली असते ती जाड टायरची, गिअरची, पुढे शॉकअब्सॉर्बर असलेली सायकल, म्हणजेच 'माउंटन बाइक' किंवा एमटीबी.

ही सायकल दिसायला दणकट असते, खड्ड्यांना घाबरत नाही आणि दुकानात सहज मिळते. त्यामुळे ती घेतली जाते. पहिला आठवडा उत्साहात जातो. त्यानंतर पाय भरून येऊ लागतात, शेजारून एखादी साधी सायकल सहज पुढे निघून जाते, डांबरी रस्त्यावर टायरची अखंड घरघर ऐकू येते आणि महिन्याभरात सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. 'आपल्याला झेपत नाही' असा निष्कर्ष सायकलस्वार काढतो. प्रत्यक्षात अनेकदा केवळ दोन टायर बदलले असते, तर ती सायकल रोजच्या वापरात राहिली असती. नव्या सायकलीच्या मानाने हा खर्च अगदीच थोडा आहे. मात्र टायर कोणते घ्यावेत, याची माहिती हवी.

गुठळ्यांचा टायर आला कोठून?

माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या उतारावर झाला. १९७० च्या दशकात तेथील काही हौशी तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या वाटांवरून खाली उतरण्याच्या शर्यती लावीत. १९७६ साली सुरू झालेली 'रिपॅक' ही त्यांतील प्रसिद्ध शर्यत. या जुन्या सायकलींची चाके २६ इंची होती. म्हणून पुढे माउंटन बाइकचे चाकही बराच काळ २६ इंचीच राहिले. १९८१ साली 'स्पेशलाइज्ड' कंपनीची 'स्टम्पजम्पर' बाजारात आली आणि हा प्रकार कारखान्यातून मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. भारतात 'रेंजर' हे एका सायकलीचे नाव बऱ्याच गावांत या संपूर्ण प्रकाराचेच नाव होऊन बसले.

सुटी माती, चिखल आणि दगडगोटे यांत टायर रुतून पकड मिळावी, यासाठी त्यावर रबराच्या उंच गुठळ्या ठेवल्या जातात. मऊ जमिनीत या गुठळ्या घुसतात आणि चाक घसरत नाही. डांबर किंवा काँक्रीटमध्ये मात्र त्या घुसू शकत नाहीत. तेथे टायर केवळ गुठळ्यांच्या माथ्यांवर टेकतो, प्रत्येक गुठळी वजनाखाली वाकते, पुन्हा सरळ होते आणि या वाकण्यात सायकलस्वाराची ताकद उष्णतेच्या रूपाने वाया जाते. रस्त्यावर ऐकू येणारी घरघर हा याच अपव्ययाचा आवाज होय.

हिशेब वॅटचा

हा अपव्यय किती, याचा साधारण हिशेब मांडता येतो. सायकल आणि स्वार यांचे एकत्रित वजन ८५ किलो, रस्ता सपाट आणि वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी सुमारे ६० वॅट शक्ती खर्च होते. चांगल्या गुळगुळीत टायरच्या घर्षणासाठी आणखी २८ वॅट लागतात. गुठळ्यांच्या, कमी हवेच्या टायरला मात्र याच वेगासाठी सुमारे ५६ वॅट द्यावे लागतात. सर्वसाधारण प्रकृतीचा मनुष्य दीर्घकाळ शंभर वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. म्हणजे पहिल्या सायकलीवर तो आरामात चालतो, तर दुसरीवर त्याची दमछाक होते.

हेच वेगळ्या प्रकारे सांगायचे तर, तितकेच श्रम करणारा स्वार गुठळ्यांच्या टायरवर ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास जातो. पंधरा किलोमीटरच्या प्रवासात हा फरक सहा ते सात मिनिटांचा पडतो. जाता-येता मिळून रोज बारा-तेरा मिनिटे वाचतात. घाम कमी येतो, ही बाबही कचेरीत जाणाऱ्याच्या दृष्टीने लहान नाही.

पावसात नक्षी हवीच का?

टायर गुळगुळीत असावा, असे म्हटले की बहुतेकांच्या मनात एकच शंका येते : पावसात घसरणार नाही का? मोटारीच्या वा मोटरसायकलच्या टायरची नक्षी झिजली की तो धोकादायक ठरतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्यावरून सायकललाही खोल नक्षी हवी, असा समज होतो. हा समज चुकीचा आहे.

मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो. वेगात असताना त्याच्याखालचे पाणी बाजूला सरण्यास वेळ मिळत नाही आणि टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतो. नक्षीच्या खाचा हे पाणी वाहून नेण्यासाठी असतात. विमानांच्या टायरसंबंधी 'नासा'च्या संशोधकांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, टायर कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे प्रामुख्याने त्यातील हवेच्या दाबावर अवलंबून असते. ३० पौंड हवेच्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. सायकलच्या टायरमध्ये ५० पौंड हवा असेल, तर तो ताशी ११५ किलोमीटरच्याही पुढे जातो. शिवाय सायकलचा टायर अरुंद आणि गोलाकार असल्याने तो पाणी नावेच्या नाळेप्रमाणे दोन्ही बाजूंना सारतो. कचेरीला जाणारा सायकलस्वार त्या वेगाच्या जवळपासही पोहोचत नाही.

ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबर प्रत्यक्ष रस्त्याला चिकटण्यातून. पन्नास पौंड हवा असलेला मागचा टायर रस्त्याला जेथे टेकतो, तो भाग काडेपेटीपेक्षाही लहान असतो. त्या इवल्याशा जागेत गुळगुळीत टायरचे सारे रबर रस्त्याला भिडते, तर गुठळ्यांच्या टायरचे काहीच भाग. म्हणून ओल्या डांबरी रस्त्यावर अचानक ब्रेक दाबताना किंवा वळण घेताना गुळगुळीत टायर अधिक भरवशाचा ठरतो.

याचा अर्थ पावसात काळजी घेऊ नये असा नव्हे. पहिल्या सरींनंतर रस्त्यावर साचलेले तेल वर येते. झेब्रा पट्ट्यांचा रंग, ड्रेनेजची लोखंडी झाकणे, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर कोणताही टायर घसरतो आणि कोणतीही नक्षी तेथे वाचवू शकत नाही. अशा जागी सायकल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता पुढे काढणे हाच उपाय आहे.

गुळगुळीत टायरची खरी मर्यादा चिखल आणि सुटी खडी ही आहे. पावसाळ्यात खोदून मुरूम टाकलेला रस्ता, बांधकामाच्या ठिकाणचा राडारोडा किंवा घरापर्यंतची कच्ची वाट रोज पार करावी लागत असेल, तर टायरवर उथळ खाचांची नक्षी असलेली बरी. अशा टायरवर उंच गुठळ्या नसतात. गुळगुळीत पृष्ठभागात बारीक खाचा कोरलेल्या असतात. डांबरावर त्याचे फारसे नुकसान होत नाही.

मधला मार्ग आणि त्यातील धोका

बाजारात मधोमध गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही कडांना गुठळ्या असे टायर मिळतात. शनिवार-रविवारी टेकडीवर जाणाऱ्यांना ते आकर्षक वाटतात. सरळ रस्त्यावर हे टायर चांगले चालतातही. मात्र वेगात वळताना सायकल कलली, की भार गुळगुळीत पट्ट्यावरून एकदम कडेच्या गुठळ्यांवर येतो. त्या वाकतात आणि चाक क्षणभर सरकल्यासारखे होते. घाटाच्या उतारावर हा क्षण महागात पडू शकतो. असे टायर लावलेल्यांनी वळणावर वेग आधीच कमी करावा. ज्यांचे टेकडीवर जाणे वर्षातून चार-सहा वेळाच होते, त्यांनी जुने गुठळ्यांचे टायर माळ्यावर जपून ठेवावेत आणि गरजेपुरते चढवावेत, हे अधिक सोयीचे.

रुंदी किती असावी?

एमटीबीला कारखान्यातून येणारे टायर सहसा १.९५ ते २.२५ इंच रुंद असतात. रस्त्यासाठी तीन पर्याय विचारात घ्यावे लागतात.

१.२५ इंच म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर हलका आणि चपळ असतो. मात्र तो चांगल्या रस्त्यासाठीच. खड्ड्यात आदळल्यास ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते. गटारावरील लोखंडी जाळ्यांच्या फटी आणि उड्डाणपुलांवरील सांधे यांत अरुंद चाक अडकण्याचा धोकाही असतो.

१.५ इंच म्हणजे ३८ ते ४० मिलिमीटर ही रुंदी बहुसंख्य सायकलस्वारांना योग्य ठरते. ती वेग आणि सोय यांचा मेळ घालते.

१.७५ ते २ इंच म्हणजे ४७ ते ५० मिलिमीटर रुंदीचे गुळगुळीत टायर खराब रस्ते, भारी वजनाचा स्वार किंवा मागे लॅपटॉप, डबा आणि बाजारहाट वाहणारे कॅरिअर यांसाठी उत्तम. रुंद टायर नेहमीच जड चालतो, असा एक गैरसमज आहे. समान दाबाला रुंद टायर रस्त्यावर आखूड आणि आडवा टेकतो, त्यामुळे तो उलट कमी वाकतो. जड चालण्याचे कारण प्रामुख्याने गुठळ्या, जाड रबर आणि अपुरी हवा हे असते.

रुंदी ठरवताना रिमचाही विचार करावा. टायरची रुंदी रिमच्या आतील रुंदीच्या किमान दीडपट असावी, हा सोपा ठोकताळा आहे. आतून १९ मिलिमीटरच्या रिमवर २८ मिलिमीटरपर्यंतचा टायर बसू शकतो. २५ मिलिमीटरच्या रुंद रिमवर मात्र ३८ मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा आकडा

टायर घेताना सर्वाधिक फसगत होते ती आकाराबाबत. '२६ इंची' असे म्हटल्याने चाक निश्चित होत नाही. खात्रीचा आकडा टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कोरलेला असतो, उदाहरणार्थ '५०-५५९'. यांपैकी पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा टायर रिमवर जेथे बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवितो. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात मर्यादेपर्यंत बदल चालतो.

२६ इंची एमटीबीसाठी हा व्यास ५५९, साडेसत्तावीस इंचीसाठी ५८४ आणि २९ इंचीसाठी ६२२ मिलिमीटर असतो. दशांशात लिहिलेला २६ गुणिले १.५ आणि अपूर्णांकात लिहिलेला २६ गुणिले दीड हे टायर गणिताने सारखे वाटले, तरी ते वेगवेगळ्या चाकांचे आहेत. पहिल्याचा व्यास ५५९ तर दुसऱ्याचा ५८४ मिलिमीटर. तसेच २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश हा काही लेडीज सायकलींना असणारा टायर ५९० मिलिमीटरचा असतो. यांपैकी कोणताही २६ इंची एमटीबीच्या रिमवर बसणार नाही. जुन्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरचा असल्याने २९ इंची चाकावर तो सैल पडतो. मात्र हायब्रिड आणि रेसिंग सायकलींचा '७०० सी' टायर नेमका ६२२ मिलिमीटरचा असल्याने २९ इंची एमटीबीच्या मालकाला पुष्कळ पर्याय उपलब्ध होतात.

दुकानात जाताना जुन्या टायरवरील आकडा कागदावर टिपून न्यावा. दुकानदाराच्या अंदाजावर विसंबू नये.

पंक्चर आणि ट्यूब

शहरात पंक्चर होण्याची कारणे ठरावीक आहेत : काचा, खिळे आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ येथे वेड्या बाभळीचे काटे त्यांत भर घालतात. गुठळ्या गेल्या की काटा ट्यूबपर्यंत लवकर पोहोचेल, ही भीती काही अंशी खरी आहे. म्हणून गुळगुळीत टायर निवडताना रबराखाली पंक्चररोधक पट्टा असलेला घ्यावा. असा टायर थोडा जड आणि महाग असतो. मात्र सकाळी कचेरीच्या वेळेला पंक्चर झालेली सायकल हातात धरून चालण्यापेक्षा ते परवडते. पावसाळ्यात टायर ओला असताना काच अधिक सहजपणे रबरात शिरते. त्यामुळे आठवड्यातून एकदा टायर फिरवून पाहावा आणि रुतलेले कण टोकदार वस्तूने काढून टाकावेत.

१.५ इंची टायरसाठी जुनी ट्यूब चालेल का, हे त्या ट्यूबवर छापलेल्या रुंदीच्या मर्यादेवरून ठरते. १.२५ इंचीसाठी बहुधा नवी ट्यूब लागते. नव्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आधीच्याच प्रकारचा घ्यावा. मोटरसायकलसारखा जाड 'श्रेडर' व्हॉल्व्ह असल्यास कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक 'प्रेस्टा' व्हॉल्व्हला छोटा ॲडॅप्टर लागतो, तो खिशात ठेवावा.

हवा : रोजचा विसर

योग्य टायर घेऊनही हवा कमी ठेवली, तर सारा खर्च व्यर्थ जातो. पंचाहत्तर किलोच्या स्वाराने १.५ इंची टायरमध्ये मागे सुमारे ५५ आणि पुढे ४५ पौंड हवेपासून सुरुवात करावी. दोन इंची टायरला ३५ ते ४५ पौंड पुरतात. वजन अधिक असल्यास हवा वाढवावी, मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. पावसात चार-पाच पौंड कमी केल्यास रबर रस्त्याला अधिक टेकते. दगडासारखा कडक टायर वेगवान वाटतो, पण खडबडीत रस्त्यावर तो उसळत राहतो. त्याने वेगही जातो आणि मनगटेही दुखतात.

ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतच असते. आठवड्यातून एकदा दाबमापक असलेल्या पंपाने ती तपासावी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरताना थोडी थोडी भरावी. सायकलच्या लहान ट्यूबमध्ये दाब काही क्षणांत वाढतो आणि टायर रिमवरून सुटून ट्यूब फुटू शकते.

बसविताना आणि नंतर

टायरच्या बाजूवर दिशादर्शक बाण असल्यास तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा. टायर शक्यतो हातानेच चढवावा. अवघड गेल्यास प्लॅस्टिकचे टायर लिव्हर वापरावेत. स्क्रूड्रायव्हरने ट्यूब हमखास फाटते. हवा भरल्यावर टायरच्या कडेची रेघ रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर आहे ना, हे चाक फिरवून पाहावे.

टायर बदलल्याने चाकाचा घेर थोडा घटतो. १.९५ इंची टायरचा घेर सुमारे २०५० मिलिमीटर, तर १.५ इंचीचा १९८५ मिलिमीटर भरतो. त्यामुळे सायकलवर वेगमापक असल्यास त्यात नवा आकडा भरावा. सायकल सुमारे एक सेंटिमीटर खाली येते. वळताना आतील बाजूचे पायडल रस्त्याला घासणार नाही, याची सुरुवातीचे काही दिवस काळजी घ्यावी. पुढच्या शॉकअब्सॉर्बरला कुलूप लावण्याची सोय असल्यास चांगल्या रस्त्यावर तीही वापरावी.

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो, कारण त्यावर वजन आणि पायडलचा जोर दोन्ही येतात. तो मधोमध चपटा झाला, आतील धागे दिसू लागले किंवा बाजूच्या रबराला उन्हाने भेगा पडल्या, की बदलावा. एकच नवा टायर घ्यायचा असेल, तर चांगला टायर नेहमी पुढे लावावा. मागचे चाक घसरले तर बहुधा तोल सावरता येतो. पुढचे घसरले की स्वार पडतोच.

वाट तसा टायर

निवडीचे सूत्र अखेर रोजच्या वाटेवर येऊन थांबते. सबंध डांबरी वा काँक्रीटच्या वाटेसाठी दीड इंची गुळगुळीत टायर पुरेसा. खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि सामान असेल तर पावणेदोन ते दोन इंची. कोकण-गोव्यातील जांभ्या मातीची कच्ची वाट किंवा मुरमाचा तुकडा असेल तर त्याच रुंदीत उथळ नक्षीचा. काट्यांचा मुलूख असेल तर कोणत्याही रुंदीत पंक्चररोधक पट्ट्याचा. मालकाने आपला रस्ता एकदा या दृष्टीने पाहिला आणि टायरवरचा तो बारीक आकडा टिपून घेतला, तर कोपऱ्यात धूळ खात पडलेली सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्यास एका संध्याकाळचे काम पुरते.